चांगल्या राजाचे हात का बांधावे?

राज्य करणारा पुरुष न्यायी, दयाळू व प्रजेची काळजी वाहणारा असेल, तर त्याच्या अधिकारास कायद्याची, सभेची व न्यायाधीशाची वेसण घालण्यात काय शहाणपण आहे? हा प्रश्न केवळ पंडितांचा आहे असे वाचकांनी समजू नये. चावडीवर, एस.टी.च्या थांब्यावर, लग्नाच्या मांडवात तो निराळ्या शब्दांत नित्य विचारला जातो. एकच खमक्या माणूस पाहिजे, या सभा, ही कोर्टे व ही मतदाने म्हणजे वेळेचा व पैशाचा चुराडा, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. आणि ते सर्व वाईट बुद्धीने बोलतात असेही नव्हे. तलाठ्याकडून मंडळ अधिकाऱ्याकडे व तेथून तहसिलीत हेलपाटे घालूनही ज्याचा सातबाऱ्यावरील फेरफार होत नाही, त्यास एका शब्दात काम करून देणारा धनी बरा वाटावा, यात नवल ते काय? म्हणून या मताची थट्टा न करता त्याचा नीट विचार करणे योग्य होय.

दरसाल १७ सप्टेंबर रोजी नांदेड, लातूर व मराठवाड्याच्या इतर जिल्ह्यांत तिरंगा फडकविला जातो. १९४८ साली त्या दिवशी हैदराबादचे सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी लढाई थांबविल्याचे जाहीर केले, आणि आमच्या मुलखावरील एकछत्री अंमल संपला. (लातूर त्या काळी उस्मानाबाद जिल्ह्यात मोडत असे, स्वतंत्र जिल्हा ते १९८२ साली झाले.) हा दिवस आमच्याकडील शाळकरी मुलांसही ठाऊक आहे. परंतु याच तारखेस, बरोबर १६१ वर्षे आधी, म्हणजे १७८७ सालच्या १७ सप्टेंबरला, अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरी एका कागदावर सह्या झाल्या, आणि त्या कागदाने आमच्या आरंभीच्या प्रश्नास लेखी व सविस्तर असे एक उत्तर दिले, ही गोष्ट फार थोड्यांच्या कानावर आली असेल. तारखांचा हा मेळ केवळ योगायोगाचा आहे; तथापि दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्यास पुष्कळ उजेड पडतो.

अमेरिकेतील तेरा वसाहतींनी १७७६ साली इंग्लंडच्या राजाचा अंमल झुगारून दिला होता. अकरा वर्षांनी त्यांचे पंचावन्न प्रतिनिधी फिलाडेल्फियास जमले तेव्हा त्यांच्या मनात दोन भये होती, आणि ती एकमेकांच्या अगदी उलट होती. एक भय राजाचे. दुसरे भय बजबजपुरीचे. कारण युद्धानंतर जी मध्यवर्ती सभा होती तिला कर बसविण्याचाच अधिकार नव्हता, त्यामुळे सैनिकांचे पगार चुकते होईनात, कर्ज फिटेना, व प्रत्येक राज्य आपापल्या वाटेने चालू लागले होते. सत्ता फार झाली तर जुलूम, फार थोडी झाली तर अनागोंदी. यातून त्या मंडळींनी वाट काढली ती अशी की सत्ता बळकट तर असावी, पण ती एका हाती नसावी. एकोणचाळीस जणांनी सह्या केल्या. शेवटपर्यंत बसलेल्यांपैकी तिघांनी सही करण्याचे नाकारले. त्यांपैकी जॉर्ज मेसन यांचा एक मोठा आक्षेप असा होता की सामान्य मनुष्याच्या हक्कांची यादीच या कागदात नाही. हा आक्षेप वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

त्या कागदाने केलेली वाटणी थोडक्यात अशी. कायदे करणे व कर बसविणे हे काम काँग्रेसकडे. (आपल्याकडील काँग्रेस पक्षाशी या नावाचा काही संबंध नाही, तिकडे विधिमंडळासच काँग्रेस म्हणतात.) तिची सभागृहे दोन. प्रतिनिधिसभेत लोकसंख्येच्या मानाने निवडलेले ४३५ सभासद असतात व त्यांस दर दोन वर्षांनी लोकांपुढे जावे लागते. सेनेटमध्ये मात्र प्रत्येक राज्याचे दोनच सभासद, मग ते राज्य कॅलिफोर्नियासारखे भरवस्तीचे असो की वायोमिंगसारखे ओसाड माळांचे असो. अशा रीतीने ५० राज्यांचे १०० सभासद सहा सहा वर्षांसाठी बसतात. कायद्यांची अंमलबजावणी, सैन्य व परराष्ट्रांशी व्यवहार ही कामे अध्यक्षाकडे. त्याची मुदत चार वर्षांची, आणि १९५१ सालच्या दुरुस्तीपासून कोणासही दोहोंपेक्षा अधिक वेळा त्या जागी निवडून येता येत नाही. न्याय करणे हे सर्वोच्च न्यायालयाकडे. तेथील नऊ न्यायाधीशांस अध्यक्ष नेमतो, परंतु सेनेटची संमती घेऊनच. आणि एकदा नेमल्यावर त्यांस तो काढू शकत नाही.

वाटणी येथे थांबली असती तर ती भाऊबंदकीच्या वाटणीसारखी झाली असती. ज्याने त्याने आपापल्या बांधाच्या आत मनास येईल तसे करावे. खरी खुबी अशी की प्रत्येकाच्या शेतात दुसऱ्याचा थोडा पाय ठेविला आहे. काँग्रेसने कायदा केला तरी अध्यक्ष तो परत पाठवू शकतो. त्याने परत पाठविला तरी दोन्ही सभागृहांनी दोन-तृतीयांश मतांनी तो पुन्हा मंजूर केला तर त्याचे काही चालत नाही. आणि कायदा झाला तरी तो घटनेच्या विरुद्ध असेल तर न्यायालय त्यास रद्द ठरविते. हा अधिकार त्याने १८०३ सालच्या एका निकालापासून चालविला आहे. अध्यक्षाने गंभीर गुन्हा केला तर प्रतिनिधिसभा त्याच्यावर आरोप ठेविते व सेनेट त्याचा न्याय करते. दोषी ठरविण्यास दोन-तृतीयांश मते लागतात. १८६८, १९९८, २०१९ व २०२१ या चार वर्षी असे आरोप ठेविले गेले, पण एकदाही दोष शाबीत ठरला नाही. १८६८ साली तर एका मताने अध्यक्ष वाचला.

अध्यक्षाच्या निवडणुकीची रीत मात्र आम्हांस कधीच फारशी पटली नाही. लोक थेट अध्यक्ष निवडीत नाहीत. राज्यवार ५३८ निर्वाचक निवडले जातात व त्यांपैकी २७० ज्याच्या बाजूस तो अध्यक्ष. या रीतीमुळे २००० व २०१६ साली ज्यास देशभरात मते कमी पडली तोच त्या खुर्चीवर बसला. जुने यंत्र म्हणून ते सर्वच निर्दोष, असे कोणी मानू नये.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. कोणी म्हणेल की एवढी कुलपे लावणे म्हणजे प्रत्येक राज्यकर्त्यास चोर समजणे होय, आणि ज्यास चोर समजावे तो चोरच होतो. हा आक्षेप वरवर खरा वाटतो. परंतु आपल्या ग्रामपंचायतीचेच उदाहरण पाहा. ग्रामनिधीतील पैसा काढावयाचा तर सरपंचाची सही लागते व तिच्याजोडीस ग्रामसेवकाची, ज्यास आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, त्याचीही सही लागते. या दोन सह्यांनी प्रामाणिक सरपंचाचा अपमान होतो काय? उलट, कोणी पाठीमागे कुजबुज केली तर त्याची साक्ष देणारी तीच दुसरी सही. कुलूप चोराकरिता असते खरे, पण त्याची सोय सावास अधिक होते. शिवाय कायदा माणूस पाहून करता येत नाही; आज खुर्चीवर साव बसला आहे म्हणून काढलेले कुलूप उद्या बसणाऱ्या चोरास उघडेच सापडते.

तरी एवढ्याने प्रश्न सुटला असे आम्ही म्हणत नाही. कारण चांगल्या राजाची बाजू मांडावयाची तर ती आमच्या निजामाच्या राज्यातच मांडता येते. मीर उस्मान अली खान १९११ साली गादीवर आले. १९१८ साली त्यांच्या फर्मानाने उस्मानिया विद्यापीठ निघाले, व देशी भाषेत उच्च शिक्षण देणारे ते हिंदुस्थानातील पहिलेच होय. लातूर जिल्ह्यातून वाहत जाणाऱ्या मांजरेवर, खाली तेलंगणाच्या बाजूस, त्यांच्या कारकीर्दीत निजामसागर बांधला गेला. आणि १९२१ साली त्यांनी न्यायखाते कारभारखात्यापासून वेगळे केले. त्या वेळी इंग्रजी मुलखात कलेक्टरच माजिस्ट्रेट होऊन बसत असे. म्हणजे अमेरिकेच्या घटनेतील एक मुख्य तत्त्व आमच्या मुलखात इंग्रजी मुलखाच्या आधी आले, हे न्यायबुद्धीने कबूल केले पाहिजे.

मग उणे काय राहिले? उणे हे राहिले की ते सर्व फर्मानाने आले. जे एका कागदाने येते ते दुसऱ्या कागदाने जाते. तीच लेखणी पुढे चालली तेव्हा गश्ती क्रमांक ५३ निघाली व परवानगीवाचून सार्वजनिक सभा भरविणे गुन्हा ठरला. तीच लेखणी १९३८ साली चालली तेव्हा हैदराबाद स्टेट काँग्रेस ही संस्था जन्मास येण्यापूर्वीच बेकायदा ठरली, व स्वामी रामानंद तीर्थ यांच्यासारख्यांस तुरुंगाची वाट धरावी लागली. देशी भाषेचे विद्यापीठ म्हणावे, तर ती देशी भाषा उर्दू. नांदेडच्या किंवा लातूरच्या मराठी मुलास वरच्या शिक्षणासाठी ती परकी भाषा शिकून मगच पुढे जावे लागे. यात राजाचा हेतू दुष्टच होता असे ठरविण्याचे कारण नाही. जोडा कोठे चावतो हे ज्याच्या पायात आहे त्यासच कळते. आणि तो सांगण्याची जागा, म्हणजे लोकांनी निवडलेली सभा, त्या राज्यात नव्हती. कायदे मंडळ म्हणून जे होते ते मुख्यतः नेमणुकीचे, व शेवटचा शब्द फर्मानाचा.

याहून खोल असे एक उणे आहे. चांगल्या राजाकडून मिळते ती कृपा असते, हक्क नसतो. पाणी तेच, विहीर तीच. परंतु एकाने ओंजळीत ओतले म्हणून पिणे व स्वतःच्या हाताने पोहऱ्याने काढून पिणे यांतील भेद आमच्या वाचकांस समजावून सांगण्याची गरज नाही. ओंजळ धरणाऱ्याची तहान भागते, पण मान वाकलेलीच राहते. राज्य चांगले चालले किंवा नाही याचा हिशेब करताना लोकांच्या पोटात किती गेले एवढेच पाहून भागत नाही. त्यांच्या माना कशा झाल्या हेही पाहिले पाहिजे. एकाच माणसाच्या चांगुलपणावर ज्यांचे सर्व काही अवलंबून आहे, ती माणसे खुशामत शिकतात, भिणे शिकतात, आणि आपले मत असू नये हेच शिकतात.

एकवटलेल्या सत्तेचा आणखी एक दोष असा की ती एका झटक्यात चोरीस जाते. लातुरास वकिली करणारे कासीम रझवी यांच्या हाती १९४६ च्या अखेरीस इत्तेहादुल मुसलमीन या संस्थेची सूत्रे आली, व रझाकार म्हणून जी फौज उभी राहिली तिचे ते मुखत्यार झाले. ही फौज कोणत्या सभेस जबाबदार नव्हती, कोणत्या न्यायालयास नव्हती, आणि पुढे पुढे खुद्द राजासही राहिली नाही. १९४७ च्या ऑक्टोबरात हिंदुस्थान सरकारशी करावयाच्या जैसे थे कराराचा मसुदा निजामाच्या कार्यकारी मंडळाने बहुमताने मान्य केला होता व शिष्टमंडळ दिल्लीस निघावयाचे होते. तोच रझवींच्या अनुयायांनी त्या मंडळींच्या घरांस वेढा घातला, आणि निजामांनी आपला बेत फिरविला. ज्याचा शब्द म्हणजे कायदा असा राजा आपल्याच राजधानीत जमावापुढे नमला. वर्षभराने, १९४८ च्या ऑगस्टात, रझाकारांवर टीका करणारे ‘इमरोज’ पत्राचे संपादक शोएबुल्ला खान यांचा हैदराबादेत खून झाला. ते स्वतः मुसलमानच होते. सत्ता जर तीन ठिकाणी असती तर ती बळकावण्यासाठी तीन दरवाजे फोडावे लागले असते. येथे एकच दरवाजा होता.

येथवर वाचून जर कोणी म्हणेल की दोष राजाचा होता, प्रजेचे राज्य आले की सर्व ठीक, तर त्याने त्याच मुलखातील पुढचे पान वाचावे. निजामाचा अंमल कोसळला व नवा अंमल अद्याप घट्ट बसला नव्हता, अशा त्या आठवड्यांत आमच्याच जिल्ह्यांत निरपराध मुसलमान स्त्रीपुरुषांवर जो सूड उगविला गेला त्याचे वर्णन करण्यास लेखणी धजत नाही. सरकारने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीने चौकशी केली. राज्यभरात २७ ते ४० हजार माणसे मारली गेली असावीत असा तिचा अंदाज होता, व सर्वांत अधिक होरपळलेले म्हणून तिने जे चार जिल्हे सांगितले त्यांत उस्मानाबाद व नांदेड ही दोन नावे आहेत. तो अहवाल कित्येक दशके लोकांपुढे आला नाही. रझाकारांचा जुलूम आम्ही दरसाल आठवतो, व तो आठवावाच. परंतु या दुसऱ्या गोष्टीचा उच्चार झेंडावंदनाच्या भाषणांत आम्ही क्वचितच ऐकला आहे. तिच्यातून एक गोष्ट स्पष्ट दिसते. बहुसंख्य लोक हेही एक राजाच आहेत, आणि ज्या राजास वेसण नाही असा राजा अनेक तोंडांचा असला म्हणून दयाळू होत नाही.

मेसन यांचा आक्षेप येथे उपयोगी पडतो. सह्या न करणाऱ्यांचा आग्रह व्यर्थ गेला नाही. १७९१ साली अमेरिकेच्या घटनेस पहिल्या दहा दुरुस्त्या जोडल्या गेल्या, व त्यांत अशी कामे सांगितली की जी काँग्रेसने, कितीही मोठ्या बहुमताने, करूच नयेत. कोणताही धर्म सरकारी करू नये, कोणाच्या उपासनेस अडथळा आणू नये, बोलणे व छापणे बंद करू नये, शांतपणे जमणाऱ्यांस अडवू नये, ही त्यांतील पहिलीच दुरुस्ती होय. आमच्या घटनेच्या तिसऱ्या भागात हेच बीज अधिक विस्ताराने पेरले आहे, व कलम २५ ने सद्सद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य प्रत्येकास दिले आहे. ज्या गावात आमची दहा घरे व बाकीच्यांची पाचशे, त्या गावात या कलमाची किंमत काय, ते तेथील वाचक आमच्यापेक्षा अधिक जाणतात. ते दहा घरांना जसे आहे तसे पाचशेंनाही आहे, आणि जेथे आमची घरे अधिक तेथील शेजाऱ्यासही तितकेच आहे.

तथापि अमेरिकेचे गोडवे गाण्याच्या भरात एक मोठे पाप झाकता कामा नये. एवढ्या कुशलतेने सत्तेची वाटणी करणाऱ्या त्याच सभेने गुलामगिरी जशीच्या तशी ठेविली. इतकेच नव्हे, तर प्रतिनिधींची संख्या ठरविताना गुलामांची मोजदाद पाचांस तीन या प्रमाणात करावी असे ठरविले. म्हणजे मत त्याला नाही, पण त्याच्या डोक्याचा फायदा मात्र धन्याला! १८५७ साली सर्वोच्च न्यायालयानेच निकाल दिला की काळ्या वंशाचा मनुष्य या देशाचा नागरिक होऊ शकत नाही. काँग्रेस, अध्यक्ष व न्यायालय हे तिघेही एकमेकांवर पहारा करीत होते, आणि तिघांच्या पहाऱ्यात लाखो माणसे विकली जात होती. शेवटी १८६१ ते १८६५ हे घरचेच युद्ध झाले, सहा लाखांवर माणसे मेली, आणि तेव्हा कोठे घटनेच्या तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी बंद झाली. धन्याधन्यांत सत्ता वाटली म्हणून चाकराचे दुःख हलके होत नाही, हा धडा फार महागात पडला.

हा धडा महाराष्ट्रात सर्वांआधी ओळखला तो जोतीराव फुले यांनी. १८७३ साली त्यांनी आपले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील त्या सज्जनांस अर्पण केले, ज्यांनी गुलामांच्या सुटकेसाठी झीज सोसली. फिलाडेल्फियास सह्या करणाऱ्यांस नव्हे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. आणि अमेरिकेतच, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, १९१३ पासून तीन वर्षे शिकून आलेले डॉ. आंबेडकर यांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटनासमितीत बजाविले की राजकारणात एक माणूस एक मत, व समाजात मात्र उच्चनीच, असा विरोध फार दिवस चालू ठेविला तर घटनेचा सारा डोलाराच धोक्यात येईल. त्याच भाषणात त्यांनी हेही सांगितले की धर्मात भक्ती आत्म्यास तारील, परंतु राजकारणातील व्यक्तिपूजा ही हुकूमशाहीकडे नेणारी वाट आहे. आमच्या आरंभीच्या प्रश्नास, खमक्या माणूस पाहिजे म्हणणाऱ्यास, याहून नेमके उत्तर आम्हांस ठाऊक नाही.

वाटलेल्या सत्तेने काम रखडते, हा आक्षेप मात्र खोटा नाही. अमेरिकेत अध्यक्ष व काँग्रेस यांचे पटले नाही तर खर्चास मंजुरी मिळत नाही व सरकारी कचेऱ्या बंद पडतात. २०१८-१९ च्या हिवाळ्यात त्या ३५ दिवस व २०२५ च्या शरदात ४३ दिवस अशा अडकून राहिल्या होत्या. नोकरांस वेळेवर पगार नाही, आणि दोन्ही पक्ष म्हणतात की लोकांनी आम्हांस निवडले आहे. संकटकाळी अशी गत झाली तर काय करावे? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीस धरणी हादरली, व लातूर-उस्मानाबादकडे सुमारे दहा हजार माणसे ढिगाऱ्याखाली गेली. त्या सकाळी सभा भरवून ठराव करीत बसणे हे क्रौर्य झाले असते. तेथे हुकूम पाहिजे होते, ट्रक पाहिजे होते, सैन्य पाहिजे होते, आणि ते आले. परंतु पहिले दिवस सरले, व बावन्न गावे नव्या जागी वसवावयाची ठरली, तेव्हा प्रश्न बदलला. जुन्या गावात भावकीची घरे भिंतीस भिंत लावून होती. नव्या गावठाणांपैकी कित्येकांत शहरासारखे रुंद रस्ते व चौकोनी आखणी झाली आणि शेजार दूर दूर पांगला. घर पक्के मिळाले, पण शेजार कोणता हवा हे विचारण्यास सवड असूनही ते पुरेसे विचारले गेले नाही, अशी हळहळ राहिली. आग विझविताना एकाचा शब्द चालावा. घर बांधताना तोच चालू ठेवण्यास कारण नाही. आणि एकहाती सत्ता मागणारा नेहमी आग लागल्याचेच सांगत असतो, हेही अनुभवास येते.

न्यायालयाच्या कुलपाविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून पुढे जाववत नाही. १९७४ च्या जुलैत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अध्यक्ष निक्सन यांस आपल्या कचेरीतील संभाषणांच्या ध्वनिफिती हजर करण्याचा हुकूम दिला. निकाल देणारे न्यायाधीश आठ, मत आठांचे एकच, आणि त्यांत तिघे खुद्द निक्सन यांनीच नेमलेले. पंधरवड्यात अध्यक्षाने राजीनामा दिला. न्यायालयाच्या हाताशी ना फौज होती, ना खजिना. आमच्याकडे १९८६ साली एका वैद्यकीय परीक्षेतील गुणांच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने ताशेरे ओढले, तेव्हा मुख्यमंत्रिपदावर निलंग्याचे शिवाजीराव पाटील निलंगेकर होते. त्यांनी मार्चमध्ये पद सोडले. दोन्ही प्रकरणे एका तोलाची नव्हेत, व दुसऱ्याच्या खरेखोटेपणात आपणांस येथे शिरावयाचे नाही. खुर्चीहून कायदा उंच, एवढेच पाहावयाचे. परंतु कुलूपही गंजते. आणीबाणीत, १९७६ च्या एप्रिलमध्ये, आपल्याच सर्वोच्च न्यायालयातील पाचांपैकी चार न्यायाधीशांनी ठरविले की विनाचौकशी कोंडलेल्या माणसास सुटकेसाठी कोर्टाचे दार ठोठावता येणार नाही. एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना विरुद्ध गेले, आणि पुढल्या वर्षी सरन्यायाधीशपद त्यांस डावलून दुसऱ्यास देण्यात आले. आज घटनेने जगण्याचा हक्क आणीबाणीतही हिरावता येत नाही, कारण १९७८ च्या दुरुस्तीने तशी तरतूद झाली.

आता आपल्या गावाकडे. अमेरिकेची रीत थोर मानूनही आमच्या घटनाकारांनी ती जशीच्या तशी उचलली नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी, म्हणजे हैदराबादचा अंमल संपून दोन महिनेही झाले नव्हते तेव्हा, डॉ. आंबेडकरांनी त्याचे कारण सांगितले. अमेरिकेत अध्यक्ष ठराविक मुदतीपर्यंत पक्का असतो, म्हणून तेथे स्थैर्य अधिक. आपल्याकडे प्रधानमंडळ सभागृहाच्या विश्वासावर उभे असते, म्हणून त्यास रोज जाब देणे भाग पडते. स्थैर्य व जबाबदारी या दोहोंपैकी आम्ही जबाबदारी अधिक पसंत केली. पुस्तकी वाटणारा हा भेद आज नांदेड-लातूरच्या प्रत्येक खेड्यात येऊन पोहोचला आहे. पूर्वी ग्रामपंचायतीचे सदस्य आपल्यातून सरपंच निवडीत. २०१७ साली कायदा बदलून सरपंच थेट गावाने निवडावा असे ठरले. २०२० साली ते रद्द झाले. २०२२ साली पुन्हा थेट निवडणूक आली. पाच वर्षांत तीनदा फिरलेला हा कायदा पाहून शहाणा माणूसही गोंधळेल. परंतु यातील प्रश्न फिलाडेल्फियाचाच आहे. सदस्यांनी निवडलेला सरपंच सदस्यांच्या मर्जीत राहतो व त्यास फोडाफोडीची टांगती तलवार असते. थेट निवडलेला सरपंच सदस्यांस भीत नाही. पण सरपंच एका पॅनेलचा व बहुसंख्य सदस्य दुसऱ्या पॅनेलचे असे झाले, की नळयोजनेचा ठराव वर्षभर लोंबकळतो, व दोघेही म्हणतात की गावाने मला निवडले.

आमचे मत विचाराल तर, थेट निवडणुकीचे आम्ही विरोधक नाही. मात्र तिच्याजोडीस ग्रामसभा जागी नसेल तर गावास पाच वर्षांचा एक लहानसा निजाम मिळतो. कायद्याने वर्षातून निदान चार ग्रामसभा भरल्या पाहिजेत, व गणसंख्या मतदारांच्या शेकडा पंधरा किंवा शंभर, यांपैकी जी कमी ती पुरते. एवढी थोडी माणसेही बसत नाहीत, सभा तहकूब होते, आणि सह्या मागाहून घरोघर फिरून घेतल्या जातात, ही तक्रार सार्वत्रिक आहे. महाराष्ट्रात पंचायतीच्या निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. तेथेही बाई सरपंच व कारभार नवऱ्याचा असे पुष्कळदा दिसते. जेथे निवडून आलेल्या बाईची सही तिचा धनी ठरवितो, तेथे ग्रामसेवकाची दुसरी सही असूनही लोकांनी दिलेला अधिकार भलत्याच्याच हाती राहतो.

थेट निवडलेला सरपंच वाईट निघाला तर त्यास काढता येते काय, असे पुष्कळजण विचारतात. पहिली दोन वर्षे अविश्वासाचा ठराव आणता येत नाही. त्यानंतर सदस्यांनी तीन-चतुर्थांश मतांनी ठराव केला, तरी तेवढ्याने भागत नाही; ज्या गावाने निवडले त्या गावापुढे, म्हणजे ग्रामसभेपुढे, तो ठराव जातो व तिने मान्य केला तरच सरपंच पायउतार होतो. ग्रामसभेत एरवी हात वर करून मत देतात. आणि हात वर करताना मजूर मनुष्याचे डोळे आधी ज्याच्या रानात उद्या कामास जावयाचे त्याच्याकडे वळतात. हे जाणून कायद्याने या एका ठरावापुरते हात वर करणे ठेविले नाही. तेथे चिठ्ठी आहे, पेटी आहे, आणि आपले मत कोणास दिसू न देता तीत टाकण्याची मोकळीक आहे.